मठातले भूत आणि धुलाईघराचा हिशेब

मराठी माणसाच्या बोलण्यात ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे इंग्रजी माध्यमाची शाळा. पाश्चात्त्य चित्रपटांत मात्र ह्याच शब्दाने दगडी भिंती, मेणबत्त्यांचा मिणमिणता उजेड, काळ्या झग्यातील मूक संन्यासिनी आणि तळघरात कोंडलेले काहीतरी अमंगळ असे चित्र उभे राहते. २०१८ साली आलेल्या ‘द नन’ ह्या अमेरिकी भयपटावर सुमारे २ कोटी २० लाख डॉलर खर्च झाला आणि जगभरच्या तिकीटविक्रीतून ३६ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली. २०२३ साली त्याचा पुढचा भाग निघाला. २०२४ साली ‘इमॅक्युलेट’ आणि ‘द फर्स्ट ओमेन’ हे त्याच जातकुळीचे दोन चित्रपट एकापाठोपाठ आले. भीती हा येथे विक्रीचा माल आहे. तो इतका खपत असेल, तर त्यातून प्रेक्षकाच्या मनात काय रुजते, हा प्रश्न केवळ चित्रपट-परीक्षकांवर सोपवून चालणार नाही.

धर्मसंस्थांची चिकित्सा करणाऱ्या कार्यकर्त्याला अशा चित्रपटांचे स्वागत करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मठाची भिंत पडद्यावर तरी फुटते आहे, असे त्याला वाटते. परंतु ‘द नन’चे कथानक नीट तपासले तर हा समज टिकत नाही. त्यातील दुष्ट शक्ती मठाबाहेरची आहे, नरकातून आलेली आहे. तिचा बंदोबस्त करण्यास व्हॅटिकन माणसे धाडते आणि अखेर ख्रिस्ताच्या पवित्र रक्तानेच तिचा पाडाव होतो. म्हणजे भय विकले जाते मठाचे, आणि उतारा दिला जातो तोही मठाचाच! ह्याला धर्मचिकित्सा म्हणता येणार नाही. ही चटकदार वेष्टनातील भाविकताच होय.

ह्या कथेचा काळ १९५२ आणि स्थळ रुमानिया. त्या काळच्या रुमानियातील संन्यासिनींना खरोखर कशाचे भय होते? १९४८ साली तेथील राजवटीने ग्रीक-कॅथलिक पंथ बेकायदा ठरवला होता आणि १९५९ च्या हुकुमाने असंख्य साधू व संन्यासिनींना मठांतून बाहेर काढले. समाजवादाचे नाव घेणाऱ्या सत्तेने हे केले, म्हणून लोकशाही समाजवाद्यांनी त्याविषयी मौन पाळण्याचे कारण नाही. मात्र चित्रपटाला ह्यातले काहीच दिसत नाही. त्याला इतिहास नको, पडकी इमारत तेवढी हवी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. भयाण मठाची ही कल्पना चित्रपटाहून कितीतरी जुनी असून तिची पाळेमुळे पंथद्वेषात आहेत. ऑगस्ट १८३४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्सटाउन येथील अर्सुलाइन मठ प्रॉटेस्टंट जमावाने जाळला. मठात एका संन्यासिनीला जबरदस्तीने कोंडून ठेवल्याची अफवा त्याला निमित्त झाली. त्या मठाच्या शाळेत बोस्टनमधील सधन घरांतल्या, बहुतांशी कॅथलिक नसलेल्या मुली शिकत होत्या. जाळणाऱ्यांत वीटभट्टीवर राबणारे मजूर होते. स्वस्तात राबणाऱ्या आयरिश स्थलांतरितांविषयीची त्यांची धास्ती आणि वरच्या वर्गाविषयीची त्यांची चीड, दोहोंचा स्फोट एका मठावर झाला. दोनच वर्षांनी मॉन्ट्रियलच्या मठातील कथित अत्याचारांचे मारिया मंक हिच्या नावाचे पुस्तक निघाले. एका प्रॉटेस्टंट संपादकानेच प्रत्यक्ष पाहणी करून ते खोटे असल्याचे दाखवून दिले, तरीही ते खपतच राहिले. श्रमिकाच्या रास्त असंतोषाला खोटा शत्रू दाखवला की काय होते, ह्याचा हा जुना धडा आहे. २००८ साली ओडिशातील कंधमाळमध्ये चर्चे जळाली आणि एका संन्यासिनीवर अत्याचार झाला, हे ठाऊक असणाऱ्या भारतीय वाचकाला तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

ह्याचा अर्थ ह्या विषयावर चांगली कलाकृती होऊच शकत नाही, असा नव्हे. फ्रान्समधील लूदँ गावी १६३४ साली उर्बँ ग्रांदिए ह्या धर्मगुरूला जिवंत जाळण्यात आले. मठातील संन्यासिनींना त्याने भुताने झपाटले, हा त्याच्यावरील आरोप. परंतु तो रिशल्यूच्या केंद्रसत्तेच्या डोळ्यांत सलत होता, हे त्यामागचे राजकारण. ह्या प्रकरणाच्या आधारे पोलंडच्या येझी कावालेरोविचने १९६१ साली ‘मदर जोन ऑफ द एंजल्स’ आणि इंग्लंडच्या केन रसेलने १९७१ साली ‘द डेव्हिल्स’ हे चित्रपट काढले. पहिल्याला कान महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले, दुसऱ्यावर सेन्सॉरची कात्री चालली. दोहोंतही सैतान नरकातून येत नाही. पहिल्यात तो कोंडलेल्या मनातून उपजतो, दुसऱ्यात सत्तेच्या गरजेतून. २०२४ चे दोन चित्रपटही, सारा भडकपणा गृहीत धरून, ह्याच वाटेने काही पावले चालतात. ‘द फर्स्ट ओमेन’मध्ये १९७१ च्या रोममध्ये रस्त्यावर निदर्शने चालू आहेत, आणि लोक पुन्हा चर्चकडे वळावेत म्हणून काही धर्माधिकारीच सैतानाचा जन्म घडवून आणू पाहतात. दोन्ही चित्रपटांत स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर गर्भ लादला जातो. गर्भपाताचा घटनात्मक हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली काढून घेतला, हे लक्षात ठेवले म्हणजे ह्या कथांतील भीती कोठली, ते कळते.

तरीही मूळ आक्षेप उरतोच. भयपटाला भीषणतेसाठी भूत लागते. आयर्लंडला ते लागले नाही. तेथे संन्यासिनींच्या संस्थांनी चालवलेल्या ‘मॅग्डलेन’ धुलाईघरांत १९२२ ते १९९६ ह्या काळात सुमारे १० हजार स्त्रिया व मुली राबल्या, असे २०१३ च्या सरकारी अहवालात नोंदले आहे. त्यांना मजुरी नव्हती. अनेकींची नावे बदलली जात, दारे कुलूपबंद असत, आणि पळून गेलेल्यांना पोलिसांनी परत आणल्याचीही उदाहरणे आहेत. ज्यांच्या प्रवेशाचा मार्ग समजू शकला, त्यांपैकी सुमारे २६ टक्के स्त्रियांना तेथे पोहोचवण्यात शासनाचा हात होता. सरकारी खाती धुलाईचे कंत्राटही तेथेच देत. ही धुलाईघरे जेमतेम खर्च भागवीत होती, असे तोच अहवाल सांगतो. काहींना हा संस्थांचा बचाव वाटतो. परंतु मजुरी शून्य असूनही जेथे फायदा उरत नाही, तेथे त्या न दिलेल्या मजुरीचा लाभ कोणाकडे गेला, हा अर्थशास्त्राचा साधा प्रश्न आहे. जो भाग संस्थेच्या पोटात गेला नाही, तो स्वस्त धुलाई मिळवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पदरात पडला, आणि त्या गिऱ्हाइकांत शासनही होते. २०१३ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. भरपाईच्या निधीत वाटा उचलण्यास मात्र संबंधित चारही संस्थांनी नकार दिला.

भूत आणि धुलाईघर ह्यांतला फरक येथे स्पष्ट होतो. भुताला मंत्राने घालवता येते आणि दिवे लागले की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. धुलाईघराला हिशेब मागावा लागतो, आणि त्या हिशेबात संस्था, शासन, गिऱ्हाईक, तसेच लोकलाजेपायी मुलीला दारापर्यंत पोहोचवणारे कुटुंब, अशा सर्वांची नावे निघतात. म्हणूनच तो कोणाला नको असतो.

परिवर्तनवादी कार्यकर्त्याने ह्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कोणत्याही पंथाच्या मठाविषयी अफवा कानी आली, तर जमावाच्या आधी पुरावा पाहावा. आणि मठ असो, आश्रम असो वा सुधारगृह असो, बंद दारामागे माणसे राबत असतील तर आत कोण आहे, कोणाच्या इच्छेने आहे आणि त्यांच्या श्रमाचे पैसे कोण घेतो, हे तीन प्रश्न न कचरता विचारावेत. ते विचारले गेले असते, तर आयर्लंडमधील शेवटचे धुलाईघर बंद होण्यास १९९६ साल उजाडले नसते.