आधी माप, मग माज!

"रोड बाइक घ्यायचीय," एवढं वाक्य आपल्या हॉस्टेलमध्ये नुसतं तोंडातून काढून बघा. ज्याने जन्मात रूमपासून मेसपर्यंतच सायकल मारलीय तोसुद्धा एका सेकंदात एक्स्पर्ट होतो. "घ्यायची तर कार्बनच घे!" "टायर बारीक हवा, नाहीतर पळत नाही." "अकरा किलो? मग काय उपयोग?" आणि मग एखादी समंजस मैत्रीण खांद्यावर हात ठेवते, "तुला काय रेस मारायचीय का गं? साधी घे, आरामात बसता येतं."

थोडक्यात काय, पार्ट्या दोनच. एक म्हणते, सायकल पळाली पाहिजे, पाठ मोडली तरी बेहत्तर. दुसरी म्हणते, आराम हवा, मग सायकल म्हशीच्या चालीने गेली तरी हरकत नाही. मला विचाराल तर हे भांडणच मुळात खोटं आहे. पहिल्या रोड बाइकमध्ये आराम आणि चपळपणा एकत्र मिळू शकतात. त्यासाठी कार्बन लागत नाही. लागतं ते योग्य माप, थोडा रुंद टायर आणि थोडंसं सेकंड इयरचं इंजिनिअरिंग, जे आपण पेपर दिल्या दिवशी हॉलमध्येच सोडून येतो.

आता हे सगळं मी का सांगतेय? कारण मला सायकल घ्यायची आहे. दोन वर्षं दहावीच्या मुलांना मॅथ्स शिकवून साठवलेले पैसे आणि त्यात बाबांनी घातलेली भर, मिळून ४५ हजार. आपल्या मेसचं जवळजवळ एका वर्षाचं बिल! बाबांची अट एकच, "परत मागायचे नाहीत." सहामाहीत विकायची पाळी आली तर सगळं पाण्यात. आणि तशी पाळी येते हो. माझ्या रूम पार्टनरने मागच्या वर्षी हौसेने रेसिंग मॉडेल घेतलं. हँडल खाली, सीट वर, दिसायला एकदम झकास. तिसऱ्या आठवड्यात तिच्या दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर व्हायला लागल्या. शरीराचा भार तळहातावर येऊन तिथली नस दाबली जात होती. आता त्या सायकलवर आमचे टॉवेल वाळतात. पैसे तर गेलेच, पण तिचं सायकल चालवणंही सुटलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

डनलॉपसाहेबांचं उत्तर

आराम आणि वेग एकमेकांचे शत्रू नाहीत हे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉयड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेला टायर लावला. का? तर भरीव रबराच्या चाकांवर पोराला दगडी रस्त्याचे धक्के बसत होते म्हणून. म्हणजे शोध आरामासाठी! पण १८८९ मध्ये विली ह्यूम नावाचा सायकलपटू तसेच टायर लावून बेलफास्टमध्येच शर्यतीत उतरला आणि जिंकला. धक्का खाणारा टायर पळायलाही जोरदार निघाला.

याचं कारण सोपं आहे. चाक खड्ड्यावर आपटून सायकल आणि आपण दोघंही वर उडालो, की पुढे जायला लागणारी आपलीच ताकद वर उडण्यात वाया जाते. टायर दबला तर तो धक्का तिथल्या तिथे जिरतो आणि सायकल पुढे सरकत राहते. काचेसारख्या गुळगुळीत ट्रॅकवर कडक टायरचा फायदा होईलही. आपल्याकडे ट्रॅक कुठाय? आपल्याकडे काँक्रीटचे सांधे आहेत, पावसाळ्यानंतर उखडलेली खडी आहे आणि रात्रीत उगवणारे स्पीडब्रेकर आहेत. फ्रान्समधली १८९६ मध्ये सुरू झालेली पॅरिस-रुबे ही शर्यत दगडी फरसबंदीच्या रस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे आता जगातले सर्वांत वेगवान लोक ३० मिमी किंवा त्याहून रुंद टायर वापरतात. मग कात्रजला जाणाऱ्या आपण २३ मिमीचा हट्ट कशाला धरायचा?

एसओएमचा उपयोग, चक्क!

थिन सिलिंडरचा फॉर्म्युला आठवतोय? भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. टायरलाही तोच नियम लागू. २३ मिमीच्या टायरमध्ये १०० पीएसआय हवा भरली तर कापडावर जो ताण येतो, तोच ३२ मिमीच्या टायरमध्ये ७२ पीएसआयलाच येतो. म्हणजे रुंद टायरमध्ये पातळ टायरएवढीच हवा ठासली तर तो जास्त कडक होणार, आणि मग "रुंद टायर घेऊनसुद्धा हादरे बसतात" म्हणून आपण रडणार. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, रोजची मात्रा नव्हे. खोकल्याच्या औषधाची अख्खी बाटली कोणी एका दमात पितं का? माझ्यासारख्या पन्नास-बावन्न किलोच्या मुलीला २८ किंवा ३२ मिमीच्या टायरमध्ये त्या आकड्यापेक्षा बरीच कमी हवा पुरते. थोडी थोडी कमी करत आपला आकडा आपणच शोधायचा. मात्र इतकी कमी नको की खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चावली जाईल.

आता फ्रेम. दुकानदार सांगतात, "कार्बन धक्के खातो, अॅल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं." सायकलची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण, म्हणजे ट्रस. उभ्या भाराला ट्रस किती लवतो हे आपण सगळ्यांनी गणितात काढलंय : अगदी कमी. त्यामानाने टायर कितीतरी जास्त दबतो. फ्रेमच्या बाहेर डोकावणारा सीटपोस्टही थोडा लवतो, कारण तो कँटिलिव्हर आहे. म्हणून २७.२ मिमीचा बारीक सीटपोस्ट ३१.६ मिमीच्या जाड पोस्टपेक्षा कमरेला बरा. कार्बन वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगला बनवलेला कार्बन हलकाही असतो आणि आरामदायकही. पण ४५ हजारांत तो नवा मिळणं कठीण, आणि जुन्यातला आतून तडकलेला असेल तर आपल्याला वरून कळणार नाही.

वजनाचंही तेच. सायकल आणि मी मिळून ६५ किलो धरा आणि ५०० मीटर उंची चढायची आहे असं समजा. गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम साधारण ३१८ किलोज्यूल. सायकल एक किलोने जड असेल तर त्यात जेमतेम ५ किलोज्यूलची भर. म्हणजे दीड टक्का! तासाभराच्या चढणीत एक मिनिटाचा फरक. एक लिटर पाण्याची बाटलीच एक किलोची असते. व्यावसायिक शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही असा नियम २००० सालापासून आहे. त्या आकड्याच्या मागे त्यांनी लागावं, आपण नको. घाटात मला वजनापेक्षा गिअर वाचवतील. पुढे ३९ दात आणि मागे २५ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर जाते. पुढे ३४ आणि मागेही ३४ असतील तर दोन मीटरच्या थोडी पुढे. सिंहगडाच्या चढावर गुडघे आपलेच असतात, हे लक्षात ठेवून दात मोजा.

"मॅडम, लेडीज दाखवू?"

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, माप. माझी उंची ५ फूट २ इंच. एका दुकानात रोड बाइक बघायची म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, "मॅडम, लेडीज दाखवू?" नाही म्हटल्यावर त्यांनी ५४ साइजची सायकल पुढे केली. "थोडी मोठीच घ्या, सीट खाली करून देतो." शाळेच्या युनिफॉर्मसारखं! वाढत्या अंगाचा!

सीट खाली केल्याने पाय टेकतात, पण हँडलचं अंतर कमी होत नाही. मग हात ताणले जातात, मान आखडते आणि ब्रेकपर्यंत बोटं नीट पोचत नाहीत. इथे आरामाचा विषय संपतो आणि जिवाचा सुरू होतो. म्हणून ब्रोशरमध्ये दोन आकडे बघा, स्टॅक आणि रीच. पेडलच्या अक्षापासून हँडलची नळी किती उंच आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. 'एन्ड्युरन्स' प्रकारच्या सायकलींत स्टॅक थोडा जास्त आणि रीच थोडा कमी असतो. फरक दोन-तीन सेंटिमीटरचाच, पण तीन तासांनंतर पाठीला तो मीटरसारखा वाटतो.

यावर रेसवाल्यांचा एक मुद्दा खरा आहे, तो मान्यच करायला हवा. सपाटीवर ताशी २५ किमीच्या वेगाला आपली निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यात जाते. २५ चे ३० केले तर हवेसाठीची पॉवर जवळजवळ पावणेदोन पट लागते. म्हणून वाकून बसणारा पुढे जातो. कबूल! पण कितीदा वाकून? वीस मिनिटांनी पाठ दुखून जो ताठ बसतो, त्याच्या सायकलची भूमिती रेसची असली काय नि नसली काय! २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ जी बैठक टिकते तीच वेगवान बैठक.

आणि एन्ड्युरन्स सायकल म्हणजे बैलगाडी नव्हे. पेडल मारलं की पुढे उसळणं, हँडल वळवलं की लगेच वळणं, यालाच आपण 'रिस्पॉन्सिव्ह' म्हणतो. ते येतं पेडलपाशी न पिळवटणाऱ्या फ्रेममधून, हलक्या चाकांतून आणि लवचिक कापडाच्या टायरमधून. बजेट संपायच्या आधी हजार-दोन हजार चांगल्या टायरसाठी राखून ठेवा. फ्रेम तीच असली तरी सायकल बदलल्यासारखी वाटते.

दुकानात काय करायचं

लाजायचं नाही, हे पहिलं. फ्रेमवर उभं राहून नळी आणि आपल्यात अंतर आहे ना ते बघा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. हँडल धरल्यावर कोपर थोडे वाकलेले हवेत. खालच्या वळणदार भागावरूनही दोन बोटांनी ब्रेक दाबता यायला हवा. बऱ्याच लिव्हरना अंतर कमी करायचा स्क्रू असतो, तो फिरवून मागा. पार्किंगमध्ये इंग्रजी आठचा आकडा काढा. लहान फ्रेमवर कधी कधी वळताना बूट पुढच्या चाकाला लागतो, ते विकत घ्यायच्या आधी कळलेलं बरं. फार मऊ जेल सीटला भुलू नका. बसायची दोन हाडं सीटच्या रुंदीवर नीट टेकतात का ते महत्त्वाचं. आणि निदान पाच किलोमीटर चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी कंपासमधली फूटपट्टी न्यावी. चेनची प्रत्येक पिन अर्ध्या इंचावर असते, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलायला आलेली. एक अष्टमांश भरली तर मागचे दातेही गेले असं समजा आणि तेवढे पैसे कमी करून घ्या. वेल्डपाशी रंगाला बारीक रेघ दिसली तर मात्र हसून नमस्कार करा आणि बाहेर पडा.

माझं ठरलंय : माझ्या मापाची अॅल्युमिनियम फ्रेम, ३२ मिमीचा टायर मावेल एवढी जागा, पुढे ५० आणि ३४ चे गिअर, पावसातही लागतील असे केबलवाले डिस्क ब्रेक. रंग? मिळेल तो!

जाता जाता जिमखाना आणि रेक्टर मॅडमना एक विनंती. आपल्या स्टँडवर गेज असलेला एक उभा पंप आणि अॅलन कीचा एक सेट साखळीने बांधून ठेवा. खर्च एका गॅदरिंगच्या स्टेजवरच्या फुलांपेक्षा कमी येईल. स्टँडवर धूळ खात पडलेल्या निम्म्या सायकलींना नव्या पार्टची गरज नाहीये. त्यांना हवा कमी-जास्त करून हवीय, सीट वर-खाली करून हवीय, एवढंच. आणि ज्यांच्याकडे रोड बाइक आहे त्यांनी नवीन घेणाऱ्याला ती पाच किलोमीटर चालवायला द्यावी. दहा सल्ल्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. या लेखापेक्षासुद्धा!