अकरा जणांतली एक सही

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही भडगावात नव्हतो. दुसऱ्या एका गावी खासगी संस्थेच्या शाळेत शिकवत होतो. पगार बँकेत जमा व्हायचा आणि दोन दिवसांत त्यातला ठरलेला हिस्सा रोखीने संस्थेला 'परत' करावा लागायचा. स्टाफरूममध्ये आम्ही अकरा जण. सगळ्यांना ठाऊक, सगळे गप्प. शेवटी अकरांपैकी कुणीतरी वरच्या कार्यालयाला टाइप केलेला अर्ज धाडला. खाली सही नव्हती. कार्यालयाकडून शाळेला एवढेच कळवण्यात आले की निनावी अर्ज आला होता, दखल घेतलेली नाही. मग दोन महिने आमची चौकशी चालली. अर्ज कुठल्या दुकानात टाइप झाला, त्या दिवशी कोण रजेवर होते, वगैरे.

कार्यालयाचे तरी पूर्ण चुकले असे म्हणवत नाही. ज्याचा बोलणाराच माहीत नाही, त्या बोलण्यावर भरवसा कसा ठेवायचा? आपल्या हदीसच्या शास्त्रातही रावी मजहूल, म्हणजे अनोळखी असेल, तर रिवायत कमजोर ठरते. पण आमच्या अर्जात एक बाब वेगळी होती. नेमका कोण, हे कळायची गरजच नव्हती. 'हा अर्ज या अकरांपैकीच एकाचा आहे, बाहेरच्या कुणा दुश्मनाचा नाही' एवढे सिद्ध झाले असते तरी पुरले असते.

असे सिद्ध करता येते. गणिताने. हे आम्हाला अलीकडे कळले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

आधी साधी डिजिटल सही. आपण पंधरा रुपये भरून सातबारा काढतो, त्यावर तलाठ्याची डिजिटल सही असते. तलाठ्याकडे एक गुप्त किल्ली असते आणि तिच्या जोडीची एक उघडी किल्ली. गुप्त किल्लीने सही होते, उघडीने कुणालाही ती तपासता येते. उताऱ्यातला एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. तिथे सही कुणाची हे कळणे हाच सगळा हेतू.

१९९१ मध्ये डेव्हिड चॉम आणि यूजीन व्हान हेस्ट यांनी गटाची सही मांडली. गटातला कुणीही गटाच्या वतीने सही करतो. तपासणाऱ्याला गट कळतो, माणूस कळत नाही. मात्र गटाचा एक प्रमुख असतो आणि वाद झाला तर तो सही उघडून नाव सांगू शकतो. हे वाचून आम्ही हसलो. आमच्या गटाचा प्रमुख कोण, तर मुख्याध्यापक!

दहा वर्षांनी, २००१ मध्ये, रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि याएल टाउमन यांनी प्रमुखच काढून टाकला. त्यांच्या निबंधाचे नावच 'गुपित कसे फोडावे' अशा अर्थाचे आहे. या सहीला रिंग सही म्हणतात. समजा, आम्हा अकरांच्या उघड्या किल्ल्या जाहीर आहेत. सही करणारा बाकी दहांसाठी मनाला येतील ते आकडे घेतो आणि त्यांच्या उघड्या किल्ल्यांनी हिशेब पुढे पुढे नेत वर्तुळ करत येतो. शेवटी एक जागा उरते, त्याची स्वतःची. तिथे आकडा मनचा चालत नाही. वर्तुळ बंद व्हायला हिशेब उलटा सोडवावा लागतो आणि ते गुप्त किल्लीशिवाय होत नाही. तपासणारा अकरा आकडे घेऊन फेरी मारतो. टोके जुळली, तर सही खरी. लाखेच्या बांगडीचा सांधा चांगल्या कारागिराने मिळवला की बोट फिरवूनही सापडत नाही, तसेच हे. सांधा आहे हे नक्की, पण कुठे आहे ते कळत नाही. दुनियेतले सगळे संगणक जुंपले तरी त्या आकड्यांतून नाव निघत नाही. बाकी दहांची परवानगी घ्यावी लागत नाही, त्यांना पत्ताही नसतो.

सत्येंद्र दुबे यांचे नाव पुष्कळांना आठवत असेल. महामार्ग प्राधिकरणातले हे तरुण अभियंते. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले. पत्र निनावी म्हणून बाजूला पडू नये, यासाठी स्वतःची ओळख वेगळ्या कागदावर जोडली आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ ला गया शहरात त्यांना गोळी घालण्यात आली. सीबीआयच्या तपासात तो लुटीचा प्रकार निघाला, पण नाव फुटले होते ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. तो वेगळा कागद जोडावाच लागला नसता तर, हा विचार आमचा पिच्छा सोडत नाही. पुढे २००४ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय दक्षता आयोगाला तक्रारदाराचे नाव झाकून ठेवण्याचे काम दिले. पण आयोगाला तरी नाव सांगावेच लागते. निनावी तक्रार तिथेही चालत नाही. आणि हे केंद्राच्या कारभारापुरतेच. आमच्यासारख्या शाळेला त्याचा काय उपयोग?

रिंग सहीतही खोट आहे. आडोशाला बसून कुणी बोहतान रचले, खोटा आळ घेतला, तर त्याला पकडणार कसे? प्रमुख ठेवला तर नाव फुटण्याची भीती, काढला तर खोट्याला मोकळे रान. आमचा कौल तरीही दुसऱ्या बाजूला. कारण अशा अर्जाने कुणाला शिक्षा व्हायची नसते. चौकशी सुरू व्हावी, पासबुके तपासली जावीत, एवढेच मागणे असते. आळ खोटा असेल तर पासबुकात काहीच सापडणार नाही. आणखी एक, वर्तुळ मोठे हवे. दोघांच्या वर्तुळात लपायचे कुठे? मजकुरातही जपावे लागते. 'मी गणित शिकवतो' असे लिहिले की संपले, कारण शाळेत गणिताचा शिक्षक एकच.

हे सगळे घरी सांगितले, तर अम्मींनी विचारले, "मग तुम्ही अकरांनी एकदम सह्या का नाही केल्या?"

आम्ही म्हणालो, अम्मी, पहिली सही कुणाची, यावरच तर सगळे अडले होते.