होडी सुटण्याआधी

मैत्रिणींनो, पावसाळा सरला, समुद्र निवळला की कोकणातल्या गावांतून पुरुषमंडळींना एक हुक्की येते. चार मित्र जमतात, ओळखीच्या खलाशाची होडी ठरते आणि 'रविवारी गरवायला जायचं हं!' असं जाहीर होतं. हल्ली बायकामुलांनाही बरोबर नेतात, ही चांगली गोष्ट. पण आपल्याला विचारतात काय? 'डब्यात काय देणार?' एवढंच! आज मी सांगणार आहे ते डब्याचं नाही. होडी सुटण्याआधी घरच्या बाईने काय विचारावं, ते.

पहिला प्रश्न पाण्याचा. आपल्या पंचांगात याचं सोपं उत्तर आहे. तिथीला 3 ने गुणून 4 ने भागायचं, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शाळेत मुलींना भूगोल शिकवताना मी हे गणित फळ्यावर मांडते, तेव्हा कोळीवाड्यातल्या मुली आधीच हसत असतात. त्यांना ते घरूनच पाठ असतं! गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून शेवटचा शब्द खलाशाचाच. चतुर्थीला सकाळी सहाला निघालात, तर ओहोटीबरोबर बाहेर पडाल आणि बाराला परतताना पाणी चढतं असेल. हे महत्त्वाचं, बरं का! खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर येतं, समोरून लाटा आत येतात, आणि तिथेच लहान होडी उलटण्याचं भय सर्वांत जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर हा ओढ फारच वाढतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी त्यामानाने शांत.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून वाहतो, समुद्र तळ्यासारखा दिसतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. म्हणून पहाटे निघावं नि दुपार चढायच्या आत किनारा गाठावा. 'अजून एक गळ टाकू' म्हणणारा एक तरी भावजी प्रत्येक होडीत असतोच. त्याला परत फिरायची वेळ आधीच सांगून ठेवावी.

तिसरा प्रश्न माणसांचा. होडी किती जणांची, आणि तेवढी लाइफ जॅकेटं आहेत का? मुलांना मुलांच्याच मापाची हवीत. मोठ्यांच्या जॅकेटातून मूल खाली निसटतं. जॅकेट बसायला घ्यायचं नाही, अंगात घालून बंद बांधायचे. 'आम्हाला पोहता येतं' हे उत्तर चालवून घेऊ नका. आपणही जाणार असू, तर पाचवारी साडी नको. ओली साडी पायांत गुंडाळते. सलवार-कमीज बरी. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक त्यात भरून ठेवावा. घरी राहणाऱ्या एखाद्या वहिनींना परतीची वेळ सांगून जावं.

आता मासळीकडे वळू. घरून शीतपेटी किंवा झाकणाचा डबा न्यावा. जेवढी मासळी, तेवढाच बर्फ. बांगडा, गेदर, सुरमई यांसारखी मासळी उन्हात राहिली तर तिच्यात एक विषारी द्रव्य तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं. मासळी पकडल्याबरोबर बर्फात गेली पाहिजे, घरी आल्यावर नव्हे.

गळाला शेंगटी लागली तर मुलांना हात लावू देऊ नका. तिच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांना विष असतं. काटा लागलाच, तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. वेदना कमी होते. पाणी आधी दुसऱ्या चांगल्या हाताने पाहावं, नाहीतर पोळायचं. मग डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं.

आणि इवलीशी पिल्लं लागली तर ती पुन्हा पाण्यात सोडायला सांगा. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवून दिलं, ते याचसाठी. जून-जुलैत मासेमारी बंद ठेवायची तीही माशांच्या विणीसाठीच. आपल्या आज्या नारळी पौर्णिमेआधी होडी लोटू देत नसत, त्यात शहाणपण होतं.

एवढे प्रश्न विचारल्यावर कुणी म्हणेल, 'तुम्हा बायकांना भारी भीती!' म्हणू देत. होडीत बसलेली चार घरं आपली आहेत. पाणी, वारा किंवा जॅकेटं, यांतलं एक जरी जमत नसेल, तर 'आज नको' म्हणायचा हक्क आपला आहे आणि तो हसतमुखाने, पण ठामपणे वापरावा. समुद्र पुढच्या रविवारीही तिथेच असतो. डब्याचं म्हणाल, तर खारी भाकरी नि लसणाची सुकी चटणी पुरे. रिकाम्या पोटी मात्र होडीत बसू नये, मळमळ वाढते!