कन्हेरीचा जाहीर इशारा : दिवाळीला शिळे चालणार नाही

मराठी मनोरंजन आणि वृत्तवाहिन्यांचे मालक, कार्यक्रमप्रमुख व जाहिरातदार यांस,

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत तुम्ही आमच्या घरात जे दाखवता, ते यापुढे मुकाट्याने पाहिले जाणार नाही, असा जाहीर इशारा कन्हेरी व पंचक्रोशीतील आम्ही प्रेक्षक देत आहोत. ही विनंती नाही. विनंतीची वेळ गेली.

मराठी माणसाची दिवाळी नव्याची असते. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी लेखक वर्षातले आपले सर्वांत चांगले लिखाण दिवाळीसाठी राखून ठेवत आला आहे. आमच्या भागात ऊसबिलाचा हप्ता हातात पडला की पोरांना नवे कपडे येतात, घराला रंग लागतो. सणाला जुने काढायचे नाही, हे शेतमजुराच्या घरातही पाळले जाते. ते पाळत नाही ती फक्त तुमची वाहिनी.

आमच्या तक्रारी चार आहेत.

पहिली, शिळ्या कढीला ऊत. गेल्या दिवाळीत दाखवलेला सिनेमा पाडव्याला पुन्हा लागतो. पुरस्कार सोहळा एकदा होतो आणि त्याचे तुकडे करून तुम्ही आठवडाभर पुरवता. सुट्टीला आलेली नातवंडे, माहेरपणाला आलेल्या लेकी, पुण्याहून आलेले भाऊ असे सगळे घर वर्षातून एकदा एकत्र बसते. नेमके त्याच वेळी तुमच्याकडे दाखवायला नवे काही नसते.

दुसरी, महाएपिसोड. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मालिकेतल्या बंगल्यात काय चालते ते पाहा. पैठणी नेसलेली, अंगभर दागिने घातलेली जाऊ फराळाच्या ताटात विष कालवते. ताट उचलले जाते, तीन वेळा ढगांचा गडगडाट होतो, प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवला जातो आणि जाहिराती लागतात. आमच्या घरात त्या वेळी सोऱ्या फिरवून हात भरून आलेली बाई घटकाभर टेकलेली असते. घरातला पुरुष रात्रपाळीच्या लाईटवर मोटार चालू करायला रानात निघालेला असतो. ऊसतोडीला आलेल्या बीडच्या माणसांची दिवाळी फडाशेजारच्या कोपीत होते. यातले काहीही तुमच्या पडद्यावर नाही. सण म्हणजे दागिने आणि कारस्थान, एवढेच तुम्ही आमच्या पोरांना शिकवता.

तिसरी, जाहिराती. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम 1994 मधील नियम 7(11) सांगतो की तासाला 12 मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको, त्यातही वाहिनीची स्वतःची जाहिरात 2 मिनिटांपर्यंतच. या मर्यादेवरून वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयात काय व्हायचे ते होईल, पण अडीच तासांचा सिनेमा रात्री उशिरापर्यंत ताणला जातो, तेव्हा झोपेने पेंगणारी पोरे आमच्या मांडीवर असतात.

चौथी तक्रार वृत्तवाहिन्यांविरुद्ध आहे. पवार घराण्याच्या निवडणूक प्रचाराचा नारळ आमच्या कन्हेरीच्या मारुतीपुढे फुटतो, म्हणून निवडणूक आली की तुमच्या गाड्या देवळापुढे रांगेने उभ्या राहतात. दिवाळीच्या पाडव्याला कॅमेरे माळेगावच्या गोविंदबागेकडे वळतात. 2024 च्या पाडव्याला गोविंदबाग आणि काटेवाडी अशा दोन ठिकाणी भेटीगाठी झाल्या, तेव्हा कोण कुठे गेले यावर दिवसभर चर्चा झडली. ते जरूर दाखवा, ती बातमी आहे. पण नारळाचे तुकडे गोळा होण्याआधी गाडी गावाबाहेर काढणाऱ्यांनी कन्हेरी दाखवली, असे समजू नये. ज्या गावाच्या देवळावर तुमचा दिवस उभा राहतो, त्या गावाची दिवाळी तुम्ही एकदा तरी पाहा.

परवडत नाही, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. वाहिनी एक, चित्र काळे-पांढरे आणि पैसा बेताचा. तरीही ‘आमची माती, आमची माणसं’मध्ये शेतकरी बोलला आणि ‘गजरा’ची माणसे वाट पाहत. विलायतेतही नाताळात जुने कार्यक्रम पुन्हा लावतात आणि तिथलेही प्रेक्षक कुरकुरतात. पण नाताळच्या मुख्य रात्री काहीतरी नवे राखून ठेवण्याची रीत तिथे आहे. 2024 च्या नाताळाला बीबीसीने ‘गेव्हिन अँड स्टेसी’ या मालिकेचा नवा आणि अखेरचा भाग दाखवला आणि देशभर घरेच्या घरे टीव्हीपुढे बसली. सणाला एक नवी गोष्ट त्यांना सुचते, तर तुम्हाला का सुचू नये?

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. वसुबारस ते भाऊबीज रोज संध्याकाळी निदान एक तास पूर्णपणे नवा कार्यक्रम.

2. त्यातला एक दिवस ग्रामीण महाराष्ट्राचा. धनगरी ओव्या, गजीनृत्य, भारूड, गोंधळ यांचे कलावंत मानधन देऊन बोलवा. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, तिथे कॅमेरा पोहोचतो. दिवाळीलाही त्याला हीच वाट सापडेल.

3. जुना कार्यक्रम लावाल तर ‘पुनःप्रक्षेपण’ असे पडद्यावर ठळक लिहा. नव्याच्या नावाखाली जुने खपवू नका.

4. सणाच्या दिवसांत जाहिरात तासाला 12 मिनिटांच्या आत.

5. मुले जागी असताना विषप्रयोग, अपहरण आणि सुनांचा छळ बंद.

मुदत घटस्थापनेपर्यंत. तोपर्यंत दिवाळीचे कार्यक्रम जाहीर करा.

मुदत टळली तर काय होईल, तेही ऐका. ‘ट्राय’च्या 2017 च्या दर आदेशाची अंमलबजावणी 2019 पासून झाली आणि एकेक वाहिनी घेण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार आमच्या हाती आला. तो आम्ही वापरू. वसुबारसेच्या आधी घरोघरी जाऊन तुमच्या सशुल्क वाहिन्या पॅकमधून काढायला लावू. ज्यांना जमेल ते महिन्याचे पैसे न लागणाऱ्या डीडी फ्री डिशकडे वळतील. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतील 2021 च्या सुधारणेप्रमाणे प्रत्येक उल्लंघनाची लेखी तक्रार वाहिनीकडे जाईल. 15 दिवसांत तिचा निकाल देणे तुमच्यावर बंधनकारक आहे. समाधान झाले नाही, तर तक्रार वरच्या मंडळाकडे नेऊ. आणि जाहिरातदारांनो, विषाच्या ताटाला लागून ज्या तेलाची आणि साबणाची जाहिरात येईल, तो माल आमच्या दिवाळीच्या यादीत नसेल.

तुमचा टीआरपी आमच्या बैठकीच्या खोलीतून निघतो. ती खोली आमची आहे, वीजबिल आम्ही भरतो आणि रिमोट आमच्या हातात आहे. घटस्थापनेनंतर कारणे ऐकली जाणार नाहीत. नवे द्या, नाहीतर कन्हेरीच्या घरांतून बाहेर पडा.

आपले,
कन्हेरी व पंचक्रोशीतील टीव्ही प्रेक्षक,
ता. बारामती, जि. पुणे