तुमचं काम कोणी पाहिलंय?

नेटचा निकाल लागला की जालना जिल्ह्यातल्या परतूर, मंठा, घनसावंगी भागातली एम.एस्सी. झालेली मुलं-मुली विचारतात, ‘सर, पीएच.डी.चा फॉर्म कुठे कुठे भरू?’ प्रश्न रास्त आहे, पण उशिरा पडलेला आहे. फॉर्म भरायला एक संध्याकाळ पुरते. त्यात लिहिण्याजोगं काही असायला दोन-तीन वर्षं आधीपासून कामाला लागावं लागतं.

आधी व्यवस्था समजून घेऊ. विज्ञानासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते: रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान अशा पाच विषयांत. २०२४पासून तिच्या निकालाचे तीन गट आहेत. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळालेल्यांचा पीएच.डी. प्रवेश मुलाखतीवर ठरतो. उरलेल्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. म्हणजे नेट कितीही चांगली गेली तरी मुलाखत चुकत नाही. जेआरएफला २०२३पासून महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, त्यामुळे सगळा जोर परीक्षेवर जातो आणि मुलाखतीची तयारी आदल्या रात्री होते.

मुलाखतीत काय विचारतात? बहुतेकदा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. हाच विद्रावक का घेतला? अभिक्रिया फसली तेव्हा काय केलंत? आलेखातला हा एक बिंदू बाजूला का पडलाय? मागच्या तुकडीचा प्रोजेक्ट नाव बदलून बाइंडिंग करून आणणारा विद्यार्थी इथे दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो. ही लबाडी एकट्या विद्यार्थ्याची नसते. ती चालवून घेणारा विभागही तिच्यात सामील असतो.

दुसरी कच्ची बाजू शिफारसपत्राची. परदेशी जायचं असेल, तर अमेरिकेतल्या विद्यापीठांत अर्जाची मुदत साधारण डिसेंबरात संपते आणि बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. तिथे विज्ञानाच्या पीएच.डी.ला सहसा फी माफ असते, शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळतं, आणि अनेक विभागांनी जीआरईची अटही काढली आहे. त्यामुळे पत्रांचं वजन वाढलंय. आपल्याकडे मात्र पत्र मागायला गेलं की उत्तर येतं, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग ‘होतकरू, आज्ञाधारक, वक्तशीर’ अशी विशेषणं जातात. निवड समितीला आज्ञाधारकपणाचं काय करायचं? तिला हवं असतं ते एवढंच: या मुलीचा प्रयोग तीनदा फसला, चौथ्यांदा तिने दोष शोधून काढला, आणि हे मी स्वतः पाहिलं.

पाहिलेल्या कामाचं वजन किती, याचं एक जुनं उदाहरण घ्या. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आलेल्या कमला भागवतांनी, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींनी, बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तरीही संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या भांडल्या, वर्षभर परिवीक्षेवर राहण्याची अट सोसली आणि त्या वर्षात प्रयोगशाळेतल्या कामाने स्वतःला सिद्ध केलं. १९३९मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. झाला तो अन्यायच होता. पण पहिल्या क्रमांकाने जे दार उघडलं नाही, ते डोळ्यांसमोरच्या कामाने उघडलं. परतूरच्या मुलीच्या घरी असे वडील-काका नसतात, म्हणून तिचं काम पाहणारी माणसं तिला आधीच मिळवावी लागतात.

अशी माणसं मिळतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. तिचे अर्ज बऱ्याच आधी, दिवाळीच्या सुमारास निघतात, आणि ती शिक्षकांनाही मिळते. पुण्यात एनसीएल आणि आयसर आहेत. तिथल्या प्रकल्पांवर साहाय्यकांच्या जागा निघत असतात. जालन्यात २०१८पासून रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र आहे. प्राध्यापकांना मेल करा, पण एकच मजकूर पन्नास जणांना नको. एकाचे दोन शोधनिबंध वाचा आणि त्यातली एक शंका विचारा.

मार्गदर्शक विषयाच्याही आधी निवडा. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी आहे का, ते विचारा. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा: किती वर्षं लागली, उपकरण कुठलं चालतं, सर भेटतात का? मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहे. चुकीच्या माणसाजवळ ही वर्षं वाया जातात. पैसे घेऊन शोधनिबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. यूजीसीने २०२२च्या नियमांत पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्तीच काढली आहे. बार्टी, सारथी, महाज्योतीची अधिछात्रवृत्ती पीएच.डी.च्या नोंदणीनंतरची गोष्ट आहे, तिच्या भरवशावर प्रवेशाचा बेत आखू नका.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असाल तर याच सत्रात एका शिक्षकाकडे जा आणि प्रयोगशाळेतलं एक काम मागा. आणि शिक्षक मित्रांनो, पुढचं शिफारसपत्र स्वतः लिहा. लिहिण्यासारखं काही आठवत नसेल, तर त्या विद्यार्थ्याला आधी काम द्या.