जनक ठाऊक आहेत, बाळंतपण कोणी केलं?

विद्यापीठात रिसर्च पार्क काढायची चर्चा निघाली की मला हटकून स्टॅनफर्डचा दाखला ऐकावा लागतो. 1951 साली विद्यापीठानं आपली जमीन कंपन्यांना भाड्यानं द्यायला काढली, सिलिकॉन व्हॅली बहरली. फ्रेडरिक टर्मन तिचे ‘जनक’. असतील. पण मैत्रिणींनो, बाळंतपण कोणी केलं? व्हॅलीतल्या कारखान्यांत चिपांची जुळणी करायला बहुतांशी बायाच होत्या. त्यातही परदेशातून आलेल्या, कमी पगारावर, रसायनांच्या वासात. खुद्द त्या पार्कात, पेज मिल रस्त्यावरच्या ह्यूलेट-पॅकार्डच्या जागेखालचं भूजल सॉल्व्हंटनं नासलं. 1990 साली ती जागा सरकारच्या ‘सुपरफंड’ यादीत गेली. विकासाच्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात मांडता? पुढच्या परिसंवादात पेटंटांचे आकडे सुरू होण्याआधी मी विचारणार आहे : जुळणी करणाऱ्या बाईला पगार किती, आणि तिच्या नळाला पाणी कसलं येईल?