प्रभाव आणि खप

संपादक महाशयांस,


गतांकातील पत्रलेखकांनी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील अग्रपद 'डाफ्ट पंक' या फ्रेंच जोडीस बहाल करताना तिच्या तबकड्यांचा खप आणि २०१४ चे ग्रॅमी पारितोषिक हाच पुरावा दाखल केला आहे. तो लोकप्रियतेच्या दाव्यास पुरेसा असला, तरी प्रभावाचा मुकदमा त्यावर निकालात निघत नाही.

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवर्क' या वाद्यवृंदाने १९७७ साली 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'मध्ये जी सुरावट बांधली, तीच १९८२ साली न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा या हिप-हॉप कलाकाराने 'प्लॅनेट रॉक'मध्ये योजली. आणि डेट्रॉइटच्या अ‍ॅटकिन्स, मे व साँडरसन या त्रयीने ज्या टेक्नो या नृत्यसंगीतशैलीची पायाभरणी केली, तिच्यावरही याच जर्मन यंत्रनादाचे ऋण आहे. ज्याच्यावाचून पुढील परंपरा संभवलीच नसती, तोच प्रभावशाली म्हणावा.

मात्र केवळ अग्रक्रम म्हणजेही प्रभाव नव्हे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ सालीच रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून पुढील अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीतशैलीशी विलक्षण साम्य असलेली तबकडी सिद्ध केली. परंतु ती दीर्घकाळ उपेक्षित राहिल्याने तिची परंपरा निर्माण झाली नाही. सबब, खप, अग्रक्रम आणि प्रभाव या तिहींची खातेवही स्वतंत्र ठेवावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक